मौनाची किंमत : जँगो ॲडमिनमधील कॉन्फिगरेशन-दोषांच्या निवेदनाची चिकित्सा

सारांश : जँगो या वेब फ्रेमवर्कमधील ॲडमिन हा भाग बिघडलेल्या अवस्थेत वापरणाऱ्याशी कसा बोलतो, या अंगाने प्रस्तुत लेखात त्याची समीक्षा केली आहे. कॉन्फिगरेशनमधील दोषांचे बोलके, दिशाभूल करणारे आणि मूक असे तीन वर्ग येथे कल्पिले आहेत. दुरुस्तीची दिशा दोषाच्या स्वरूपापेक्षा दोषाच्या निवेदनावर अधिक अवलंबून असते, आणि निवेदन जेथे मूक वा संदिग्ध असते तेथे संरक्षण काढून टाकणारा उपायच सर्वांत सोपा ठरतो, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : जँगो, ॲडमिन, कॉन्फिगरेशन, त्रुटिसंदेश, डीबग, सुरक्षितता.

१. प्रास्ताविक

संगणकीय साधनांची समीक्षा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी केली जाते. साधन काय काय करू शकते याची जंत्री, हे पहिले अंग. आणि ते किती वेगाने करते याचे मोजमाप, हे दुसरे. साधन चालेनासे झाले असता ते वापरणाऱ्याला काय सांगते, हा प्रश्न मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतो. तो तंत्रज्ञाच्या दुरुस्तीचा, आणि म्हणून दुय्यम, विषय समजला जातो. वास्तविक एखादे साधन शिकणाऱ्याचा, नव्याने बसविणाऱ्याचा आणि सांभाळणाऱ्याचा बराच काळ ते साधन चालत नसतानाच्या अवस्थेत जातो. त्या अवस्थेत पडद्यावर उमटणारी दोन-चार वाक्ये हाच त्याचा एकमेव आधार असतो. ही वाक्ये आपोआप निर्माण होत नाहीत. ती कोणीतरी, कोणाला तरी उद्देशून, काही गृहीत धरून लिहिलेली असतात. अर्थात ती भाषिक कृती आहे आणि कोणत्याही भाषिक कृतीप्रमाणे ती चिकित्सेस पात्र आहे.

या दृष्टीने पाहण्यासाठी येथे जँगो या फ्रेमवर्कमधील ॲडमिनची निवड केली आहे. निवडीमागे दोन कारणे आहेत. पायथन भाषेतील हे फ्रेमवर्क मुक्त असल्याने त्याचे प्रत्येक वाक्य, ते वाक्य कोणत्या अटीवर उमटते हे सांगणारी आज्ञावली आणि तिच्यातील बदलांचा इतिहास कोणालाही तपासता येतो. दुसरे म्हणजे, ॲडमिन हा या फ्रेमवर्कचा सर्वांत लोकप्रिय भाग आहे. नवशिक्याची फ्रेमवर्कशी पहिली भेट बहुधा तेथेच होते आणि पहिला बिघाडही बहुधा तेथेच होतो.

२. पार्श्वभूमी

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावी 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचे वृत्तपत्र आहे. त्याच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोन प्रोग्रामरांनी २००३ मध्ये जे काम सुरू केले त्यातून जँगो आकाराला आले. जुलै २००५ मध्ये ते मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. सप्टेंबर २००८ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

वृत्तपत्राच्या कचेरीतील हा जन्म ॲडमिन समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे. वृत्तपत्रात मजकूर भरणारे लोक प्रोग्रामर नसतात आणि प्रोग्रामरला प्रत्येक नव्या विषयासाठी स्वतंत्र नोंदणी-पडदे तयार करण्याइतकी सवड नसते. ॲडमिनने या अडचणीवर उपाय काढला. प्रोग्रामरने माहितीचा आराखडा, म्हणजे मॉडेल, एकदा लिहिले की त्या मॉडेलवरून नोंदी भरण्याचे, शोधण्याचे, बदलण्याचे आणि पुसण्याचे पडदे आपोआप तयार होतात. ॲडमिन हे संस्थेच्या अंतर्गत वापराचे साधन आहे, संपूर्ण संकेतस्थळाचा दर्शनी भाग त्यावर उभारू नये, असे जँगोचे अधिकृत दस्तऐवज आजही स्पष्टपणे सांगतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. ॲडमिनसमोर आरंभापासूनच दोन वाचक बसलेले आहेत : नोंदी भरणारा कर्मचारी आणि यंत्रणा उभी करणारा प्रोग्रामर. दोघांचे अधिकार वेगळे, दोघांचे अज्ञानही वेगळे. ॲडमिनच्या निवेदनातील अनेक घोटाळ्यांचे मूळ एका वाचकासाठी लिहिलेले वाक्य दुसऱ्याच्या वाट्याला येण्यात आहे.

३. एक वाक्य, दोन वाचक

याचे सर्वांत बोलके उदाहरण ॲडमिनच्या पहिल्याच पानावर सापडते. ज्याला दाखविण्यासारखे एकही मॉडेल नाही अशा व्यक्तीला ते पान 'तुम्हाला काहीही पाहण्याची वा बदलण्याची परवानगी नाही' अशा आशयाचे वाक्य दाखविते. त्यातील 'पाहण्याची' हा भाग २०१८ मधील २.१ या आवृत्तीत केवळ पाहण्याची वेगळी परवानगी आली त्यानंतरचा. त्यापूर्वी केवळ 'बदलण्याची' असे होते. कर्मचाऱ्याच्या बाबतीत हे वाक्य खरे आणि पुरेसे आहे. त्याला प्रवेश आहे पण एकाही मॉडेलवर अधिकार दिलेला नाही. त्याने वरिष्ठाकडे जावे.

परंतु हे वाक्य उमटण्याची अट 'परवानगी नाही' ही नसून 'यादी रिकामी आहे' ही आहे. यादी दोन कारणांनी रिकामी असू शकते : परवानगी नसल्याने, किंवा ॲडमिनकडे एकाही मॉडेलची नोंदणीच झालेली नसल्याने. १.० ते १.६ या आवृत्त्यांत प्रोग्रामरला पत्त्यांच्या फाइलमध्ये नोंदणी शोधून आणणारी एक ओळ स्वतः लिहावी लागे. ती राहून गेली की नोंदणीच्या फाइली वाचल्याच जात नसत आणि ज्याला यंत्रणेतील सर्व अधिकार आहेत त्या सुपरयूजरलाही परवानगी नसल्याचे सांगितले जाई. २०१४ मधील १.७ या आवृत्तीपासून ती ओळ लिहिण्याची गरज उरली नाही. ॲडमिन हे काम आपण होऊन करू लागले. वाक्यामागची अट मात्र तीच राहिली. आजही एखाद्याने स्वतःचे स्वतंत्र ॲडमिन-स्थळ निर्माण केले आणि मॉडेलांची नोंदणी सवयीने मूळ स्थळावर केली, तर नव्या स्थळावर सुपरयूजरला हेच वाक्य वाचावे लागते.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत याला हेत्वाभास म्हणता येईल. जो हेतूसारखा दिसतो पण हेतू नसतो तो. अशा संदेशाचे नुकसान मौनापेक्षा अधिक असते, कारण मौन निदान शोध खुला ठेवते. येथे वाचणारा परवानग्यांच्या मागे लागतो; वापरकर्त्याची नोंद पुसून पुन्हा करतो, डेटाबेस नव्याने घडवतो, आणि जेथे दोष आहे ती नोंदणीची फाइल उघडूनही पाहत नाही. रिकाम्या यादीची दोन कारणे वेगळी ओळखणे यंत्रणेला अवघड नाही. एकही नोंदणी नाही आणि समोरची व्यक्ती सुपरयूजर आहे, या दोन्ही गोष्टी तिला त्या क्षणी ठाऊक असतात. ठाऊक असूनही ती सांगत नाही, हा या वाक्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

४. मूक दोष

दुसऱ्या वर्गातील दोष काहीच बोलत नाहीत. यंत्रणा चालते, संदेश येत नाही, केवळ अपेक्षित गोष्ट घडत नाही. यांची काही उदाहरणे तपासू.

ॲडमिन प्रत्येक ॲपमध्ये ठरावीक नावाची नोंदणी-फाइल शोधते. त्या नावात एखादे अक्षर कमी-अधिक झाले तर फाइल नाही असे समजून ते पुढे जाते. हे तर्काला धरून आहे, कारण प्रत्येक ॲपला अशी फाइल असलीच पाहिजे असे बंधन नाही. मात्र त्यामुळे 'फाइल नको होती' आणि 'फाइलचे नाव चुकले' या दोन स्थिती एकरूप होतात. ॲपचे नाव इन्स्टॉल्ड ॲप्स या यादीत घालायचे राहिले तर त्यातील नोंदणी-फाइलही अशीच न वाचता राहते.

सेटिंग्जच्या फाइलचे असेच आहे. ती पायथनची एक साधी फाइल असते आणि मोठ्या लिपीत लिहिलेले कोणतेही नाव तीत सेटिंग म्हणून स्वीकारले जाते. प्रोग्रामरला स्वतःची सेटिंग्ज ठेवता यावीत म्हणून ही मोकळीक आहे. परिणामी, अंगभूत सेटिंगच्या नावातील स्पेलिंग चुकले तर ते 'तुमचे स्वतःचे नवे सेटिंग' ठरते आणि मूळ सेटिंग आपल्या पूर्वनिश्चित मूल्यावर शांतपणे कायम राहते. तुमच्या चुकीला यंत्रणा तुमची इच्छा समजते.

एखाद्या मॉडेलच्या यादीत कोणते स्तंभ दिसावेत हे सांगणारा 'लिस्ट डिस्प्ले' नावाचा गुणधर्म आहे. त्याच्या मूल्यात अस्तित्वात नसलेल्या स्तंभाचे नाव लिहिले तर जँगो ताबडतोब अडविते. कोणत्या वर्गात, कितव्या स्थानी, कोणते नाव चुकले हे सांगते. परंतु 'लिस्ट डिस्प्ले' या नावातच अक्षरांची उलटापालट झाली तर एक शब्दही उमटत नाही. यादी जुन्याच रूपात दिसत राहते. मूल्यातील चूक बोलकी, नावातील चूक मूक, असा हा विरोध आहे.

ॲडमिनचे रूप बदलण्यासाठी त्याच्या टेम्प्लेटला पर्यायी टेम्प्लेट देता येते. परंतु पर्याय देणारे ॲप यादीत ॲडमिनच्या नंतर लिहिले असेल तर शोध ॲडमिनच्या मूळ टेम्प्लेटपाशीच थांबतो. लिहिलेली फाइल अचूक, तिची जागा अचूक. चूक केवळ क्रमाची, आणि ती सांगणारे कोणी नाही.

प्रवेशाच्या पडद्यावरील एक दोष तर चकव्यात सापडल्यासारखा आहे. सत्राची कुकी केवळ सुरक्षित जोडणीवरच पाठवावी असे एक सेटिंग आहे आणि प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर ते चालू असणेच योग्य. ते चालू असताना संकेतस्थळ साध्या, असुरक्षित जोडणीवर उघडले तर नाव आणि पासवर्ड बरोबर असूनही ब्राउझर ती कुकी सांभाळत नाही. प्रवेश यशस्वी होतो, पुढचे पान मागितले जाते, कुकी नसल्याने ओळख पटत नाही आणि प्रवेशाचा रिकामा पडदा पुन्हा समोर येतो. पासवर्ड चुकला असेही तो म्हणत नाही, कारण तो चुकलेला नसतोच.

मराठीत ॲडमिन वापरू पाहणाऱ्याला आणखी एक गृहीत भेटते. मॉडेलचे अनेकवचन वेगळे दिले नाही तर जँगो एकवचनी नावापुढे इंग्रजीतील 'एस' हे अक्षर जोडून ते तयार करते. मॉडेलला 'विद्यार्थी' हे नाव दिले की पडद्यावर देवनागरी 'विद्यार्थी' या शब्दाला चिकटलेले रोमन अक्षर दिसते. अनेकवचनाचे सेटिंग स्वतंत्रपणे लिहिले की हा दोष जातो. दोष किरकोळ, परंतु त्यातून दिसणारी गोष्ट किरकोळ नाही : प्रत्येक पूर्वनिश्चित मूल्यामागे कोणत्या तरी वापरणाऱ्याचे चित्र असते, आणि आपण त्या चित्रात बसत नसलो तर त्याची जाणीव आपल्याला यंत्रणेने नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी करून घ्यावी लागते.

५. सोपा उपाय आणि त्याची किंमत

आतापर्यंतचे दोष वेळेचा अपव्यय करणारे होते. ज्या दोषांचे मौन अधिक महागात पडते त्यांकडे आता वळू.

जँगोमध्ये डीबग नावाचे एक सेटिंग आहे. ते चालू असताना बिघाड झाला तर आज्ञावलीतील नेमकी ओळ, तेथवर पोहोचण्याचा मार्ग, त्या क्षणीची चलांची मूल्ये आणि सेटिंग्ज यांचे सविस्तर पान समोर येते. पासवर्ड, गुप्त किल्ली यांसारख्या नावांची मूल्ये त्यात झाकली जातात, तरीही यंत्रणेची अंतर्रचना परक्याला कळण्याइतका तपशील त्यात उरतो. म्हणून प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर डीबग बंदच असले पाहिजे, हे जँगोचे दस्तऐवज निक्षून सांगतात.

आता डीबग बंद केल्यावर काय घडते ते क्रमाने पाहावे. विकासासाठी दिलेला सर्व्हर डीबग चालू असेपर्यंत ॲडमिनच्या रंगरूपाच्या स्टॅटिक फाइल्स स्वतः पुरवीत असतो. डीबग बंद होताच तो त्या पुरविणे थांबवितो. ॲडमिन उघडते, पण निवळ दुवे आणि चौकटी उरलेल्या, अलंकार उतरविलेल्या पानासारखे. योग्य उपाय असा की एका आज्ञेने सर्व स्टॅटिक फाइल्स एका ठिकाणी गोळा कराव्यात आणि त्या पुरविण्याचे काम वेब सर्व्हरकडे किंवा त्यासाठीच्या स्वतंत्र साधनाकडे सोपवावे. हा उपाय त्या विस्कटलेल्या पानावर कोठेही लिहिलेला नाही. त्या पानाकडे पाहणाऱ्याला एवढेच माहीत असते की काल डीबग चालू होते आणि सर्व ठीक होते.

दुसरी पायरी याहून गंभीर. डीबग बंद असताना यंत्रणेत बिघाड झाला तर वापरणाऱ्याला केवळ 'सर्व्हरमधील त्रुटी' एवढेच दिसते. परक्याला तपशील दिसू नये, हे योग्यच. परंतु तपशील मग जातो कोठे? लॉगची मूळ मांडणी न बदलल्यास जँगो त्रुटीचा वृत्तान्त कन्सोलवर डीबग चालू असतानाच लिहिते. डीबग बंद असता तो वृत्तान्त ॲडमिन्स या सेटिंगमध्ये नोंदलेल्या व्यक्तींना ई-मेलने धाडला जातो. नव्या प्रकल्पात ही यादी रिकामी असते आणि ई-मेलची व्यवस्थाही केलेली नसते. म्हणजे वृत्तान्त तयार होतो आणि कोणाच्याही हाती पडत नाही. यंत्रणा सांभाळणारी व्यक्तीही त्या क्षणी परक्याइतकीच अंधारात असते. तिच्यासमोर दोन मार्ग असतात : लॉगची मांडणी शिकून ती नव्याने लिहिणे, किंवा डीबग चालू करणे. पहिल्या मार्गाला एक दुपार लागते, दुसऱ्याला एक शब्द.

तिसरी पायरी सीएसआरएफ या संरक्षणाची. परक्या संकेतस्थळाने वापरणाऱ्याच्या नावावर फॉर्म धाडू नये यासाठी हे संरक्षण असते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीपासून जँगो विनंतीचे उगमस्थानही तपासू लागले. सुरक्षित जोडणी पुढच्या प्रॉक्सी सर्व्हरवर संपत असेल आणि जँगोला ते कळविलेले नसेल तर ब्राउझर सांगतो ते उगमस्थान आणि जँगो समजते ते स्थान जुळत नाही आणि ॲडमिनचा प्रवेश नाकारला जातो. उपाय दोन आहेत : विश्वासार्ह उगमस्थानांची यादी देणे, किंवा प्रॉक्सीकडून येणाऱ्या सुरक्षिततेच्या निर्देशावर, तो निर्देश बाहेरून कोणी घुसडू शकत नाही याची खात्री करून, विसंबणे. नकाराच्या पानावर यांपैकी काहीच नसते. डीबग बंद असताना तेथे पडताळणी अयशस्वी झाल्याचे सांगून पुढे, अधिक माहिती डीबग चालू केल्यास मिळेल, अशा आशयाची ओळ छापलेली असते. दस्तऐवजांनी ज्याची मनाई केली तेच यंत्रणा स्वतःच्या तोंडाने सुचविते आणि तेही सार्वजनिक पानावर. या लेखाच्या प्रतिपादनाला याहून स्पष्ट पुरावा हवा असे वाटत नाही.

येथे एक उपरोधही नोंदविण्यासारखा आहे. नकाराला कंटाळून एखादा सीएसआरएफचे मिडलवेअरच यादीतून काढून टाकतो. परंतु ॲडमिन आपल्या पडद्यांना हे संरक्षण स्वतंत्रपणे लावीत असते. त्यामुळे ज्या ॲडमिनसाठी हा उद्योग केला ते पूर्ववत् नकारच देत राहते आणि संकेतस्थळाचे उरलेले फॉर्म मात्र उघडे पडतात. रोग जिथला तिथे, आणि ढाल तेवढी गेली.

असेच चित्र इतरत्र दिसते. कर्मचाऱ्याला पान रिकामे दिसले की गटाला नेमक्या परवानग्या देण्याऐवजी सुपरयूजरची खूण केली जाते. यजमान-नावाच्या नकारावर नेमके नाव लिहिण्याऐवजी सर्व नावांना मुभा देणारी तारका लिहिली जाते. प्रत्येक ठिकाणी दोष दूर झालेला दिसतो, कारण अडथळाच दूर झालेला असतो. योग्य दुरुस्ती आणि संरक्षणाचा त्याग यांचे पडद्यावरील दर्शन एकसारखे असते, हीच खरी अडचण आहे.

६. समर्थनीय मौन

याचा अर्थ यंत्रणेने सर्वांना सर्व सांगावे असा नाही. ॲडमिनच्या प्रवेशपडद्यावर नाव चुकले, पासवर्ड चुकला किंवा खाते स्टाफचे नसले, तरी एकच संदेश येतो : स्टाफ खात्याचे योग्य नाव आणि पासवर्ड द्यावा. नवशिक्याला हा संदेश छळतो. परंतु यातील संदिग्धता हेतुपुरस्सर आहे. अमुक नावाचे खाते अस्तित्वात आहे एवढे कळणेही आगंतुकाच्या फायद्याचे ठरते. म्हणून दाराशी उभ्या असलेल्या अनोळखी व्यक्तीला कमी सांगणे हेच येथे शहाणपण आहे.

तेव्हा मौनाचा निषेध करताना विवेक हवा. निकष असा मांडता येईल : ऐकणारा कोण आहे हे ठाऊक नसेल तेथे मौन समर्थनीय, ऐकणारा यंत्रणेचा पालक आहे हे निश्चित असेल तेथे ते असमर्थनीय. प्रवेशपडद्यावर अनोळखी व्यक्ती उभी असते. सर्व्हरच्या कन्सोलवर मात्र पालकच बसलेला असतो. पहिल्या ठिकाणी राखलेले मौन दुसऱ्या ठिकाणीही लागू करणे, ही जँगोच्या मूळ लॉगमांडणीतील उणीव आहे.

७. सुधारणेचा इतिहास

जँगोच्या कर्त्यांना या प्रश्नाची जाणीव नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १.७ या आवृत्तीत आलेली सिस्टिम चेक ही व्यवस्था म्हणजे मूक दोषांना वाचा देण्याचा पद्धतशीर प्रयत्न होय. प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच ती कॉन्फिगरेशन तपासते. सत्रांचे मिडलवेअर यादीत नसेल तर ॲडमिनसाठी ते आवश्यक आहे असे सांगते; इतकेच नव्हे तर ते कोणत्या मिडलवेअरच्या आधी लिहावे तेही सुचविते. मायग्रेशन्स लागू करायची राहिली असतील तर विकासाचा सर्व्हर त्यांची संख्या, संबंधित ॲपची नावे आणि द्यावयाची आज्ञा, तिन्ही सांगतो. आदर्श त्रुटिसंदेशाची तीन अंगे, काय बिघडले, कोठे बिघडले आणि पुढे काय करावे, येथे एकत्र आलेली आहेत. उगमस्थानांच्या यादीत पत्त्यापूर्वीचा जोडणीचा प्रकार लिहिणे ४.० पासून सक्तीचे झाले तेव्हा त्याची तपासणीही सोबतच आली. वापरासाठी सिद्ध झालेल्या प्रकल्पाची वेगळी तपासणी करणारा पर्यायही आहे आणि डीबग चालू राहिले असेल तर तो तसा इशारा देतो.

नामकरणातही कोठे कोठे हे भान दिसते. विकासाच्या सर्व्हरला डीबग बंद असतानाही स्टॅटिक फाइल्स पुरविण्यास भाग पाडणारा एक पर्याय आहे; त्याचे नावच 'इन्सिक्युअर', म्हणजे असुरक्षित, असे ठेवले आहे. तो लिहिणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे लिहिता लिहिताच कळते. एका शब्दाने येथे परिच्छेदाचे काम केले आहे.

तथापि या व्यवस्थेला मर्यादा आहेत. या तपासण्या आज्ञा देऊन काम सुरू करताना होतात. प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर विनंत्या हाताळणाऱ्या मार्गात, वेगाच्या कारणास्तव, त्या केल्या जात नाहीत. वापरापूर्वीची विशेष तपासणी तिची आठवण असणारालाच उपयोगी पडते. आणि चुकलेल्या नावांचे दोष या जाळ्यातून निसटतात, कारण जाळे लिहिलेल्या मूल्यांचे आहे, न लिहिलेल्या अपेक्षांचे नाही.

८. एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जाईल की वरील प्रत्येक दोषाचा उलगडा दस्तऐवजांत दिलेला आहे; जो वाचत नाही त्याच्या आळसाचा भार साधनावर का टाकावा? जँगोचे दस्तऐवज दर्जेदार आहेत हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दस्तऐवजात शोधण्यासाठी आधी कशाचा शोध घ्यायचा ते ठाऊक असावे लागते. अलंकार उतरलेले पान पाहणाऱ्याला 'स्टॅटिक फाइल्स' हा शब्दच माहीत नसेल तर तो कोणते प्रकरण उघडणार? दोष आणि दस्तऐवज यांच्यातील पूल म्हणजे त्रुटिसंदेश. तोच नसेल तर पलीकडची समृद्धी निरुपयोगी ठरते. शिवाय खोटे कारण सांगणारा संदेश तर वाचणाऱ्याला दस्तऐवजाच्या चुकीच्या प्रकरणाकडेच धाडतो. तेथे परिश्रमी वाचक आळशी वाचकापेक्षा अधिक भरकटतो.

९. अध्यापनाच्या दृष्टीने

आपल्या महाविद्यालयांतून वेब फ्रेमवर्क शिकविले जाते तेथे या विवेचनाचा थेट संबंध येतो. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत पडदा व्यवस्थित दिसणे हीच कसोटी असेल तर डीबग चालू ठेवून, तारका लिहून आणि सुपरयूजरची खूण करून पडदा दाखविणारा विद्यार्थी आणि योग्य दुरुस्ती करणारा विद्यार्थी यांना समान गुण मिळतात. यंत्रणा जो भेद दाखवीत नाही तो परीक्षकानेही पाहिला नाही तर विद्यार्थ्याला तो कधीच कळणार नाही. पुढे हीच सवय एखाद्या कार्यालयाच्या, पतसंस्थेच्या किंवा महाविद्यालयाच्याच प्रवेशनोंदींच्या यंत्रणेत उतरते, आणि तेव्हा उघड्या पडणाऱ्या नोंदी खऱ्या माणसांच्या असतात.

म्हणून असे सुचवावेसे वाटते की प्रात्यक्षिकात मुद्दाम बिघडविलेला प्रकल्प द्यावा. दुरुस्तीबरोबरच विद्यार्थ्याने तीन प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत : यंत्रणा काय म्हणाली, प्रत्यक्षात काय बिघडले होते, आणि केलेल्या उपायाने कोणते संरक्षण कमी झाले. तिसऱ्या प्रश्नाचे 'कोणतेही नाही' हे उत्तर सिद्ध करता आले तरच दुरुस्ती पूर्ण मानावी. दोष शोधताना डीबग चालू करण्याऐवजी लॉगची मांडणी प्रथम करावी, हा पाठ मॉडेल लिहिण्याच्या पाठाइतकाच आरंभी यावा.

१०. निष्कर्ष

जँगोचे ॲडमिन हे आपल्या उद्देशाला जागलेले, दोन दशकांची कसोटी पार केलेले साधन आहे, याविषयी दुमत नसावे. त्याच्या कॉन्फिगरेशन-दोषांची चिकित्सा करता पुढील गोष्टी हाती लागतात. एक, दोषांची अवघडता त्यांच्या तांत्रिक खोलीवर नव्हे, निवेदनावर ठरते. मिडलवेअरचा गुंतागुंतीचा क्रम संदेशामुळे सोपा होतो आणि एका अक्षराची चूक मौनामुळे दिवस खाते. दोन, एकाच वाक्याने कर्मचारी आणि प्रोग्रामर या दोघांशी बोलण्याच्या प्रयत्नात एकाची दिशाभूल होते. तीन, पालकाच्या कानापर्यंत न पोहोचणारा वृत्तान्त त्याला संरक्षण उतरविण्यास प्रवृत्त करतो. त्या कृतीला केवळ बेजबाबदारपणा म्हणून मोकळे होता येणार नाही, कारण त्या वाटेवरचा फलक यंत्रणेनेच लावलेला आहे.

यंत्रणेची सुरक्षितता तिच्या कुलपांवर अवलंबून असते हे खरेच. परंतु किल्ली अडकली असता कुलूप तोडण्याखेरीज दुसरा मार्ग मालकाला सुचू दिला जात नसेल, तर कुलपाच्या मजबुतीचे वर्णन अपुरे राहते. फ्रेमवर्कची निवड करताना, शिकविताना आणि परीक्षिताना त्याच्या यशाच्या पडद्यांबरोबर त्याच्या अपयशाची वाक्येही वाचली जावीत, एवढेच प्रस्तुत विवेचनाचे सांगणे आहे.